रेडीमेड प्रभुभोजन कप: आजाऱ्याच्या उशाशी पाच स्टार, चर्चमधल्या मेजावर दोन

आधी वस्तू काय आहे ते सांगते, कारण सगळ्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या समूहांमध्ये, हे अजून पोचलेलं नाही. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शरीराची आणि रक्ताची खूण म्हणून भाकर आणि द्राक्षरस एकत्र घ्यायचा विधी. खोकल्याच्या औषधाबरोबर मोजायला जो छोटा प्लास्टिकचा कप येतो ना, साधारण तेवढाच कप. तळाला घोटभर द्राक्षरस, त्यावर सील केलेलं फॉइल, फॉइलच्या वर एक गोल पातळ वेफर आणि वेफरवर परत एक पारदर्शक पापुद्रा. वरचा पापुद्रा सोलला की भाकर हातात, खालचं फॉइल सोललं की प्याला. ऑनलाइन बॉक्समध्ये येतात, फ्रीजमध्ये ठेवावे लागत नाहीत, बरेच महिने टिकतात. अशा कपांचे दोन-तीन प्रकार आमच्याकडे वापरून झालेत. कंपन्यांची नावं लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

मी पुण्यातल्या एका मराठी मंडळीत मेज लावणाऱ्या बायकांपैकी एक आहे, माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. 2020 साली चर्च बंद झाली, त्या वर्षीचा 10 एप्रिलचा गुड फ्रायडे सगळ्यांनी घरात मोबाइलसमोर बसून केला, आणि मग हळूहळू दारं उघडली तेव्हा कुणाच्या हातचं काही खायचं म्हटलं की लोक घाबरायचे, तेव्हा कमिटीने हे कप मागवले आणि त्या वेळी ते बरोबरच होतं. मास्क खाली करायचा, कप घ्यायचा, मास्क वर. कितीतरी महिन्यांनी प्रभूच्या मेजापाशी येता आलं म्हणून लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे या कपांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे हे पहिल्यांदा नोंदवते. प्रश्न पुढचा आहे. साथ गेली, पण कप राहिले, कारण सोय. आता बऱ्याच मंडळ्यांमध्ये चर्चा चालू आहे की कायमचे हेच ठेवायचे का, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

क्वालिटीबद्दल. बॉक्स नीट पॅक केलेला येतो, पण तळाच्या थरातले काही कप गळलेले निघतातच आणि गळलेला एक कप शेजारच्या सगळ्यांना चिकट करतो. वेफर अगदी फिकट, जिभेवर ठेवला की विरघळतो, चावायला काही लागतच नाही. रस गोड, किंचित आंबट, वाईट नाही. मात्र लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. काहींवर स्पष्ट द्राक्षरस लिहिलेलं असतं आणि काहींवर बारीक अक्षरात द्राक्ष फ्लेवरचं पेय, म्हणजे पाणी, साखर, रंग. प्रभूच्या मेजावर ठेवायची वस्तू आहे, तिथे द्राक्षाच्या वासाचं सरबत मला चालत नाही. खूण असली तरी खूण खरी हवी. 1869 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडला थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट डेंटिस्टने द्राक्षाचा रस तापवून आंबण्यापासून थांबवला तो मुळात प्रभुभोजनासाठीच, कारण त्याला मेजावर दारू नको होती. तरीही त्याने द्राक्षच वापरली ना, दुसरं काही रंगवून आणलं नाही. एवढा आग्रह आपणही धरायला हरकत नाही.

उघडणं हा मोठा प्रॉब्लेम. वरचा पापुद्रा आणि खालचं फॉइल यांचे कोपरे जवळजवळ असतात, त्यामुळे घाईत दोन्ही एकदम उचकटले जातात आणि रस मनगटावरून थेट पांढऱ्या साडीवर. सांधे धरलेल्या म्हाताऱ्यांना हे जमतच नाही, ते कप हातात धरून इकडेतिकडे बघत राहतात, शेवटी मागच्या बाकावरचं कुणीतरी पोरगं येऊन सोलून देतं. आणि आवाज! पाळकसाहेब भाकर हातात घेऊन ज्या रात्री प्रभू धरून दिला गेला त्या रात्रीचं वचन वाचून थांबतात, अख्ख्या उपासनेत शांतता म्हणावी अशी तेवढीच एक, आणि तेवढ्यात सगळ्या चर्चभर कुरकुर चरचर सुरू होते, ती पाच मिनिटं थांबत नाही कारण प्रत्येकाचं फॉइल वेगळ्या वेळी निघतं. त्या शांततेत माणूस आपलं पाप आठवतो. फॉइलचा कोपरा सापडत नसला की डोक्यात फक्त फॉइलचा कोपरा असतो.

नंतरचा कचरा वेगळाच. आधी उरलेला रस आम्ही चर्चमागच्या झाडाखाली मातीत ओतायचो, उरलेली भाकर तिथेच खाऊन संपवायचो. आता जांभळे थेंब लागलेले कप पिशव्या भरभरून घंटागाडीत जातात. प्रोटेस्टंट असल्याने तो रस खरोखर रक्त झालाय असं आम्ही मानत नाही, तरी ज्यावर दोन मिनिटांपूर्वी एवढी मोठी प्रार्थना केली ते केळ्याच्या सालीबरोबर टाकताना हात थबकतो. वसईकडच्या आमच्या कॅथलिक मैत्रिणींसमोर तर हे बोलायचीही सोय नाही, त्यांच्या विश्वासाप्रमाणे मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, त्यांचा एक थेंबही कचऱ्यात जाणं शक्य नाही. याच मुद्द्यावर 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंगली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले आणि एकमत न होताच उठले, त्यामुळे मी काय निकाल देणार. पण खूण मानणाऱ्यानेही खुणेला मान द्यावा एवढं तरी दोन्ही बाजूंना पटेल.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. कमिटीत चर्चा झाली की लगेच निघतं, अहो कप म्हणजे कप, अर्थ महत्त्वाचा, भांडं नाही. पटण्यासारखं वाटतं. पण अर्थ नेमका काय आहे ते एकदा नीट बघू, मग भांड्याचं ठरवू.

शेजारच्या काकूंनी मला एकदा सरळ विचारलं होतं, तुमच्या देवाला माफ करायला रक्त कशाला लागतं गं? खोचकपणे नाही, अगदी मनापासून. आमच्या भागात नवसाचा बोकड कुणाला नवीन नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच येतं की माणूस देवाला काहीतरी देतो आणि देव खूश होतो. मी त्यांना बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय 17:11 उघडून दाखवलं. तिथे देव सांगतो की शरीराचा जीव रक्तात असतो आणि वेदीवर तुमच्यासाठी प्रायश्चित्त व्हावं म्हणून ते रक्त मी तुम्हाला दिलंय. मी दिलंय, असं देवच म्हणतो. देवाला तहान लागलीय आणि ती माणसाने भागवायची असं त्या पुस्तकात कुठेच नाही. उलट स्तोत्र 50 मध्ये देव विचारतो, मी काय बैलांचं मांस खातो, बोकडांचं रक्त पितो? आणि होशेय 6:6 मध्ये सरळ म्हणतो की मला यज्ञ नको, दया हवी.

मला सगळ्यात आवडणारी जागा लेवीय 5:11 आहे, ती फार कमी लोक वाचतात. पापार्पणाला कोकरू किंवा शेळी आणायची, ऐपत नसेल तर दोन पारवे, आणि तेवढीही ऐपत नसेल तर एफा नावाच्या मापाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे बारीक पीठ. सपीठ! त्यात रक्ताचा थेंब नाही, तरी वचन म्हणतं त्याला क्षमा होईल. नव्या करारातल्या इब्री पत्राचं, 9:22 चं वाक्य आपण सगळे तोंडपाठ म्हणतो की रक्त ओतल्याशिवाय क्षमा नाही, पण त्याच वाक्याच्या पहिल्या भागात नियमशास्त्राप्रमाणे बहुतेक सगळं रक्ताने शुद्ध होतं असं लिहिलंय. बहुतेक. ज्या बाईकडे पारव्याचेही पैसे नव्हते तिच्यासाठी देवाने दार उघडं ठेवलं होतं. तेव्हा देव रक्त मोजत बसलाय हे चित्र काढून टाका डोक्यातून.

मग रक्त कशासाठी? प्रायश्चित्ताच्या दिवसाचं लेवीय 16 वाचा. वर्षातून एकदाच महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, पडद्याआड सगळ्यात आतल्या परमपवित्रस्थानात जायचा आणि लोकांसाठी दोन बोकड असायचे. एकाचा वध व्हायचा, त्याचं रक्त आत शिंपडायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायचा आणि तो बोकड जिवंतच रानात सोडून द्यायचे, परत न येण्यासाठी. मला क्षमा म्हणजे काय हे कुठल्याही प्रवचनापेक्षा या दोन बोकडांनी जास्त समजावलं. एकात पापाची किंमत दिसते, की हे फुकटात मिटलेलं नाही, कुणाचा तरी जीव गेलाय. दुसऱ्यात ते पाप नजरेआड जाताना दिसतं. आपण माणसं एकमेकांना माफ करतो तेव्हा यातलं एकच करतो बहुतेक वेळा. एक तर "जाऊ दे, काही नाही झालं" म्हणून झालेल्या जखमेची किंमतच नाकारतो, नाहीतर किंमत वसूल करतो आणि वर बोकडाला रानात सोडतच नाही, दारातच बांधून ठेवतो आणि दर भांडणात बाहेर काढतो.

इब्री पत्राचा लेखक पुढे म्हणतो की बैलांच्या आणि बोकडांच्या रक्ताने पापं जाणं शक्यच नाही, ती सगळी येणाऱ्याची सावली होती. आणि ख्रिस्त आला तो स्वतःचंच रक्त घेऊन आला. इथे मोठमोठ्या माणसांनी वेगवेगळं समजावलंय. पहिल्या शतकांतल्या मंडळीने खंडणी म्हटलं, सैतानाच्या तावडीतून सुटका म्हटलं. कँटरबरीच्या अँसेल्मने 1098 च्या सुमारास देवाच्या सन्मानाचं देणं म्हटलं, धर्मसुधारणेच्या काळात आपल्या वाट्याची शिक्षा त्याने घेतली यावर भर आला. मी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकलेली नाही, पण मला मत्तय 18 मधल्या राजाची गोष्ट पुरते. चाकराचं कर्ज 10000 तलांत. एक तलांत म्हणजे साधारण 6000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराचा एक रोज, म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, फिटणं शक्यच नाही. राजा सोडून देतो. पण सोडून दिलेलं कर्ज हवेत जात नाही ना, ते राजाच्या तिजोरीतून जातं. जो माफ करतो त्यालाच तो तोटा सोसावा लागतो, यात पळवाट नाही. ज्याला कुणाचा विश्वासघात माफ करावा लागलाय, नवऱ्याचा, भावाचा, पोराचा, त्याला हे विचारा, तो सांगेल की माफ करताना आतून काहीतरी वाहून जातं. वधस्तंभावरचं रक्त म्हणजे देवाने तो तोटा स्वतःच्या अंगावर घेतला, एवढं मला समजतं आणि एवढ्यावर मी जगते. लूक 23:34 मध्ये येशू बापाजवळ त्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागतो तेव्हा त्याचं रक्त वाहतच होतं, आधी क्षमा आणि मग रक्त असं वेगळं करताच येत नाही.

आणि एक गोष्ट. यहुद्यांना रक्त पिणं सक्त मना होतं. शिकार केली तरी रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकायचं, कारण जीव देवाचा. अशा माणसांसमोर वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या सुटकेच्या सणाच्या, रात्री येशू प्याला धरतो आणि म्हणतो की हे करारातलं माझं रक्त आहे, पुष्कळांसाठी ओतलं जातंय, तुम्ही सगळे यातून प्या. त्या बारा जणांच्या अंगावर काटा आला असेल. जो जीव कुणालाच प्यायची परवानगी नव्हती तो त्याने आपणहून वाटला. आणि वाटला तो एका प्याल्यातून, एकाच मेजावर, ज्यावर त्याला धरून देणारा यहूदा बसलेला होता, त्याला नाकारणारा पेत्र बसलेला होता, आणि सकाळपर्यंत पळून जाणारे बाकीचेही होते.

इथे भांड्याचा मुद्दा येतो बघा. इफिस 2 मध्ये प्रेषित पौल लिहितो की जे दूर होते ते ख्रिस्ताच्या रक्ताने जवळ आले आणि मधली आडभिंत पडली. दूर म्हणजे नुसतं देवापासून दूर नाही, एकमेकांपासूनही. आणि आपल्या महाराष्ट्रात ही भिंत नेमकी प्याल्यावरच उभी होती. पाणवठा वेगळा, कपबशी वेगळी, हॉटेलात काही लोकांसाठी बाहेर ठेवलेला वेगळा पेला, हे आमच्या आजी-आजोबांनी भोगलेलं आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 साली मुंबईत आणि 1831 पासून नगरला सुरू झालं, आणि एकोणिसाव्या शतकात जेव्हा नगरकडे ब्राह्मण घरातून आलेला माणूस आणि महार-मांग घरातून आलेला माणूस एका मेजापाशी आले, तेव्हा गावाला धक्का बसला तो त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) समजून नव्हे, एकत्र खाण्या-पिण्यामुळे बसला. दक्षिणेत तमिळ मंडळ्यांमध्ये तर ख्रिस्ती झाल्यावरही जातीप्रमाणे वेगळं बसणं आणि प्रभुभोजनाला आधी कोण मग कोण हे चालत राहिलं, शेवटी 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढलं की मंडळीतला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा. त्यावरून मोठं वादळ झालं, लोक चर्च सोडून गेले. इतकं जड होतं ते. आणि सगळं संपलंय असंही नाही, आपल्यातच लग्न जुळवताना आजही हळूच काय विचारलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून मला सीलबंद कप मेजावर नको वाटतो. त्यात वाईट काही नाही, पण त्यात माझं रक्त, माझी क्षमा, माझा कप, मी उघडणार, मी पिणार, शेजाऱ्याशी संबंध नाही, असं होऊन बसतं. पाळकाच्या हातून शेजाऱ्याच्या हातात आणि शेजाऱ्याच्या हातून माझ्या हातात काही येतच नाही. प्रवेशद्वारापाशी टोपलीत ठेवलेले असतात, येताना उचलायचा आणि आपल्या जागी जाऊन बसायचं. ज्या बाईशी मी वर्षभर बोलले नाही ती दोन बाकं पुढे बसून तिचा कप पिते, मी माझा, आणि दोघी घरी.

कुणी म्हणेल की ट्रेमधले छोटे ग्लासही वेगवेगळेच असतात की. बरोबर आहे. ते 1890 च्या दशकात अमेरिकेत आले, क्षयरोग आणि घटसर्पाच्या भीतीने, आणि आपल्याकडेही आता बहुतेक ठिकाणी तेच आहेत, एका चांदीच्या प्याल्याला सगळ्यांनी तोंड लावावं असा माझा हट्ट नाही. पण आमच्या ट्रेमधले सगळे ग्लास एका जगमधून भरले जातात. शनिवारी रात्री काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, पहाटे त्याच पाण्यात उकळायच्या, गार झाल्या की हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या, लागलीच तर थोडी साखर. रंग लालसर तपकिरी येतो, दुकानातल्या रसासारखा जांभळा नाही. ब्रेडच्या कडा कापून बारीक चौकोनी तुकडे करायचे, आणि एक अख्खी भाकरी पाळकसाहेबांसमोर झाकून ठेवायची, ती ते सगळ्यांदेखत मोडतात. मोडताना आवाज होतो, खरपूस भाकरी असेल तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातो. मग ट्रे हातोहात फिरतो. ज्याच्याकडून ट्रे घ्यायचा त्याच्याकडे बघावंच लागतं. नाही बघितलं तर सांडतो.

मत्तय 5:23-24 मध्ये प्रभूने सांगितलंच आहे की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आणि पौलाने करिंथच्या मंडळीला झापलं ते याच मेजावरून, श्रीमंत आधी येऊन खाऊन पिऊन घ्यायचे आणि मजुरी करून उशिरा येणारे उपाशी. त्याने उपाय काय सांगितला, तर एकमेकांची वाट पाहा. ज्या पापांची क्षमा त्या रक्तात आहे त्यातलं अर्धंअधिक पाप आपण एकमेकांविरुद्धच केलेलं असतं ना, मग ती क्षमा एकट्याने सोलून पिण्यासारखी कशी असेल?

आता पाच स्टार कुठे ते सांगते, कारण तेही तितकंच खरं आहे.

आमच्या मंडळीतल्या एक आजी, अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत पण डोकं लख्ख. घराबाहेर पडणं शक्य नाही. पूर्वी पाळकसाहेब त्यांच्याकडे जाताना बाटलीत रस न्यायचे, रिक्षात तो हिंदकळायचा, उन्हाळ्यात आंबायचा. त्यांच्यासाठी हे कप वरदान आहेत, पिशवीत चार टाकले की झालं, हॉस्पिटलमध्येही नेता येतात, नर्सही काही म्हणत नाही कारण सील दिसतं. मी पाळकसाहेबांबरोबर गेले होते त्या दिवशी त्यांनी वचन वाचलं, प्रार्थना झाली, कप काढला आणि आजींनी डाव्या हाताने थांबवलं. जाऊबाईला बोलवा, म्हणाल्या. जाऊबाई त्याच वाड्यात मागच्या खोल्यांत राहतात, विहिरीच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं कितीतरी वर्षं बंद. निरोप गेला, त्या आल्या नाहीत. मग पाळकसाहेबांनी जबरदस्ती केली नाही, कप तिथेच उशाजवळच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, हा खराब होत नाही आजी, राहू दे, त्या आल्या की मला बोलवा.

तो कप बरेच दिवस तिथे होता. औषधाच्या पट्ट्या, चष्मा, बायबल आणि तो कप. घरातल्या पोराने फोन केला तेव्हा आम्ही परत गेलो, जाऊबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, दोघीही काही बोलत नव्हत्या. विहिरीचा विषय कुणी काढला नाही. वचन झाल्यावर आजींना फॉइल काही निघेना, एका हाताने निघणारच नाही ते, तर जाऊबाईंनी कप घेतला, नखाने कोपरा काढला, वेफरचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात दिला, हनुवटीखाली पदर धरून रस पाजला. पाळकसाहेबांनी पिशवीतून दुसरा कप काढून जाऊबाईंना दिला. चर्चमध्ये इतकी वर्षं मेज लावतेय, पण मी पाहिलेलं सगळ्यात खरं प्रभुभोजन ते. बाटलीतला रस असता तर तो पहिल्याच दिवशी पिऊन संपवावा लागला असता किंवा परत न्यावा लागला असता. हा वाट पाहू शकला.

त्यामुळे कमिटीला माझं म्हणणं मी लेखी दिलंय ते असं की हे कप बंद करू नका, पण त्यांची जागा ठरवा. आजारी, अंथरुणाला खिळलेले, हॉस्पिटल, जेलमधली उपासना, दूर नोकरीला असलेली पोरं, साथीचे दिवस, इथे जरूर वापरा. मंडळी एकत्र जमलेली असताना जग, ट्रे आणि मोडलेली भाकरी. ज्यांना प्रकृतीमुळे धास्ती वाटते त्यांच्यासाठी ट्रेच्या बाजूला थोडे सीलबंद कप ठेवले तर कुणाची हरकत नसावी.

घेणार असाल तर काही गोष्टी. मोठा बॉक्स स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेत तर तारीख संपायच्या आधीच वेफर मऊ पडतो. पॅकिंगची तारीख आणि अन्न परवान्याचा नंबर बघा. रस खरा आहे ना ते बघा. फॉइल आणि वरचा पापुद्रा यांचे कोपरे विरुद्ध बाजूंना असलेले कप मिळतात, ते थोडे महाग आहेत पण म्हाताऱ्यांच्या हातांना तेच सोपे. आजाऱ्याला गिळायला त्रास असेल तर वेफर रसात बुडवून द्या, आणि मधुमेह असेल तर अर्धाच घोट. घरी जाऊन द्यायचं असेल तर एक जास्तीचा कप कायम बरोबर ठेवा, कोण येऊन बसेल सांगता येत नाही.

मनुकांच्या रसाचं प्रमाण एक-दोघींनी विचारलंय. पाव किलो काळ्या मनुकांना साधारण लिटरभर पाणी घ्या, बी असलेल्या मनुका घेतल्या तर कुस्करताना बी फुटू देऊ नका, रस कडू होतो. आदल्या रात्रीच करून ठेवायचा असेल तर पूर्ण गार करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि उरलेला दुसऱ्या दिवसाच्या पुढे ठेवू नका.